किनारा सरकला, गोटे तिथीच

— हालू नोका, काकाजी, हालू नोका! जितके हालान तितके घुसान. या तलावाच्या गाऱ्याचा, या चिखलाचा, सभावच तसा हाये — आपन चूप उभं राह्यलं का तो बी चूप राह्यते. मांडीपावतो गेले ना? बस, मंग. खाली मुरूम लागते, त्याच्या खाली कोनी जात नाही. म्हशी काढल्या ना मी इथून, मले ठाव हाये. म्हैस छातीपावतो जाते, पन तिचं वजन पाहा अन तुमचं पाहा. सायकल नोका सोडू — नाही तं सोडा, ते बी जाऊन जाऊन कुठी जाईन. हँडल दिसून राहिलं म्हंजे हाये ती. घंटी वाजवून पाहा बरं — वाजली! पाहा, घंटी जित्ती हाये तं सायकल बी जित्ती हाये.

काढतो जी, काढतो. दोर हाये माह्यापाशी, म्हशीचा दोर हाये, बाभळीले बांधला का तुमी आपले ओढत ओढत पारीवर, या बांधावर, येऊन जान. पन अगोदर एक वचन द्या. आमच्या आंगनात येऊन बाबासमोर उभं राहाचं अन दोन शब्द म्हनाचे — मार्ग चांगला हाये. बस. तीन झाले काय? तं तीन. नाही म्हनले तं माही सायकल जाते जी! आज शनवार. उद्यापावतो बाबा ते इकून टाकन, काहून का सोमवारपासून पितर लागतात, अन पितरात आमच्या घरी कोनी काही इकत नाही का घेत नाही, सुई बी नाही. म्हनून बाबाले घाई. अन मले तुमची घाई.

काय म्हनता? बोर्ड कोनाचा? माहाच जी. खोटं कायले बोलू, चुना अजून नखात हाये. लाखनीतून निंगताना तुमाले वाटलं असन — बाप्पा, या मोठ्या सडकेवर ट्रकावर ट्रक, सायकलवाल्यानं जाव कुठून? — अन थोडे पुढं आले तं नाल्यावरच्या रपट्यापाशी माहा पत्रा दिसला. 'सुरक्षित किनारा सायकल मार्ग. ट्रकले मनाई.' तेलाच्या पिप्याचा पत्रा हाये तो, आई अजून शोधून राहिली. मंग चुन्याचा बान डावीकडं, मंग पांढरे गोटे सुरू. गोट्यागोट्यानं आले ना? मंग सांगा, मार्गात काय चूक हाये? एक तरी ट्रक आडवा आला? एक तरी हॉर्न ऐकला? ट्रक नाही, यष्टी नाही, जीप नाही. बेंडकं होते, हाव, बेंडकं होते — पन बेंडकानं धडक देऊन मानूस गेला असं ऐकलं काय कधी?

किनारा काहून म्हनता? आता घ्या. आमचे भूगोलाचे गुर्जी वर्गात म्हने, आपल्या महाराष्ट्राले सातशे वीस किलोमीटर समुद्रकिनारा लाभला हाये. मी हात वर केला. म्हनलं, गुर्जी, त्यातला भंडाऱ्याच्या वाट्याले किती आला? ते म्हने, बस खाली. म्हनलं, गुर्जी, सातशे विसाले जिल्ह्यायनं भागा ना, चोवीस-पंचवीस तं येतेच — आमचे पंचवीस किलोमीटर कोनं खाल्ले? तं त्यायनं मले बाकावर उभं केलं. पन बाकावर उभं राह्यलं का खिडकीतून तलाव दिसते, हे गुर्जीले कुठी ठाव! अन दिसला ना मले किनारा. पानी हाये, कडा हाये, बगळे हायेत, मासे धराचा डोंगा हाये — अजून काय पाह्यजे किनाऱ्याले? खारट पाह्यजे? तं ज्याले पाह्यजे त्यानं मीठ टाकून घ्याव.

तं मी वैशाखात मार्ग आखला. तवा पानी आटून मधात ताटाएवढं राह्यलं होतं. त्याच्या कडेकडेनं, चाक भिजन नाही अन सडक लागन नाही, असे गोटे ठेवले, एकूनेक गोट्याले चुना लावला, डोक्शावर टोपलं घेऊन, आठ दिवस, त्या उन्हात. जमीन अशी कडक का सिमिट झक मारते. मंग बरसात आली. तलाव भरला, किनारा सरकला वर, अन गोटे राह्यले तिथीच. आता तुमीच न्याय करा — गोटे इमानदार, पानी बेइमान, अन शिव्या खाव मी? तुमाले बी वरचे सहा गोटे दिसले ना गवतात? सातवा नाही दिसला तं थांबाव होतं. तुमी आठवा पाहाले गेले. अन मले म्हनता, तुले अक्कल नाही!

नाही जी, हासून नाही राहिलो. तोंडच तसं हाये माहं. या तोंडानंच तं सगळा घोळ केला. तुमी नवे हा म्हनून सांगतो, गावातलं कोनी असतं तं सांगतलं नसतं — गावात मले इचारतच नाही कोनी. तो पोस्टमन केवळराम, त्याले मी गेल्या साली या तलावाभवताल तीन चकरा मारवल्या. बान असे लावले होते का पारीवरून निंगलं का पारीवरच परत. मी इथीच बसलो होतो, या बाभळीखाली. तिसऱ्या चकरेले सायकलवरून उतरला अन म्हने, बाबू, या गावात एकाच तोंडाचे तीन पोट्टे हायेत काय? अन न्हावी नत्थू! त्याले म्हनलं, नत्थूभाऊ, तलावापलीकडं बैरागी उतरले, पन्नास दाढ्या हायेत. गेला बिचारा पेटी घेऊन. पलीकडं बगळे. पन्नासच होते, मोजून. — तं तवापासून असं झालं का मी आग लागली म्हनून ओरडलो तं लोकं चिलीम पेटवाले येते. म्हनूनच बाबा म्हने, असा मार्ग हाये म्हनतं ना तू, सडकेले चाक न लावता? तं एक मानूस आन. लाखनीहून आंगनापावतो त्या मार्गानं आलेला. गावातला नोको, तुह्या दोस्तातला नोको, बाहेरगावचा, मिशीवाला. त्यानं माह्या तोंडावर सांगाव. मंग सायकल राहीन अन तुही शाळा बी राहीन.

हाव, शाळा. सुटली ना मंग. नववीतून. हाकललं मले — गुर्जीच्या टेबलाच्या खनात बेंडकं सोडले, एकवीस बेंडकं, त्यायनं खडू घ्याले खन उघडला तं... आता काय पाहाता असे? खोटं नाही. सगळ्यायले हेच सांगतो मी, सगळे मानते. — बेंडकं सोडले हे खरं हाये. हाकललं ते नाही. गुर्जी तं हासले उलटे. मंग दोनदा चिठ्ठी धाडली, का तेजराम काहून येत नाही, बेंडकासाठी रागावलो नाही म्हनावं. पयली मी केवळरामच्या हातातून घेतली अन खाल्ली. दुसरी बाबाच्या हातात पडली, तं बाबा म्हने, शाळा नाही तं सायकल कायले?

झालं काय, आखाडात मी सडकेनं लाखनीच्या शाळेत चाललो होतो. मांगून बांबूचा ट्रक आला. मले काहीच लागलं नाही जी, समजलं का, खरचटलं बी नाही. हॉर्न वाजवला त्यानं फक्त. बांबू मांगं एवढे लोंबून राहिले होते, कानापासून गेले, माही टोपी घेऊन गेले. अन मी नालीत, सायकल माह्या वरतं. ट्रक गेला. मंग धूळ गेली. मी आपला नालीतच. लोकं जाऊन राहिले, बैलबंड्या जाऊन राहिल्या, कोनी इचारलं तं म्हनलं, आराम करून राहिलो. शाळा सुटल्याची घंटी ऐकली तवा उठलो. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन निंगलो ना मी. रपट्यापावतो गेलो. हॉर्न ऐकला, अन पाय आपोआप पायडलवरून खाली. मी म्हनून राहिलो चाल, पाय म्हने नाही. मंग रपट्याखाली जाऊन बसलो. वरून ट्रक जाते तं खाली मी कान दाबून बसतो. पाच वाजता घरी. आई म्हने, काय शिकला आज? म्हनलं, समुद्रकिनारा. असं होळीपावतो केलं. रोज.

— हासता कायले? तुमी बी तं ट्रकाले भिऊनच इथी आले ना? अन मिशी असून! मले तं अजून नीट फुटली बी नाही.

सोडा ते. कोनाले सांगू नोका, अन बाबाले तं बिलकुल नाही. चला, माह्या मांगं म्हना — मार्ग चांगला हाये. जोरानं म्हना, बाबाले एका कानानं कमी ऐकू येते. गारा हा शब्द तोंडातून काढाचा नाही. पँट पाहून बाबा इचारन, तं सांगा का लाखनीतूनच अशी घालून निंगलो, आमच्याकडं असाच रिवाज हाये. घड्याळ बंद पडलं? तं झाकून घ्या. अन म्हना का रस्त्यात हवा लय चांगली होती. होतीच ना हवा चांगली! मंग आई भात-वरन वाढन, पाय धुवाले गरम पानी देईन, संध्याकाळपावतो तुमी मोकळे. अन एक डाव तुमी म्हनलं ना, का पितर संपेपावतो बाबा सायकलले हात लावत नाही. तवापावतो पानी उतरते थोडं, मी गोटे वर सरकवतो. रोज सरकवीन. जिथी किनारा तिथी गोटा. शाळेत जाताना सरकवीन, येताना सरकवीन. दहावीपावतो सरकवीन, मले काय.

म्हनता? शब्द दिला? शाब्बास काकाजी! मानूस पाह्यल्याबरोबर समजते मले. धरा मंग दोर — हा फेकला. कंबरेले गुंडाळा. मी बाभळीले गाठ मारतो. अन पारीवर आले का सिद्दे त्या चिंचेकडं, कवेलूचं घर, कोनालेबी इचारा, सोमाजीचं घर कोनतं, लहान पोरगं बी दाखवन —

काय झालं? हाव, सोमाजी. आमचा बाबाच तो.

तिथीच चालले होते? अरे वा! पाहा कसं जुळलं. म्हंजे तुमी आमचे पाव्हने, अन मी इथी... काय काम काढलं बाबाकडं?

काय पाहाले? सायकल?

— मंग ही कोनाची, गाऱ्यातली? सासऱ्याची. उद्या वापस द्याची. अच्छा. म्हनून आपली एक घेऊन टाकाव म्हनता, जुनी. अच्छा, अच्छा. अन पितराच्या अगोदर घ्याची, काहून का तुमच्या घरी बी पितरात...

थांबा. ओढू नोका दोर. मले जरा इचार करू द्या. तुमी आंगनात पोचले तं मार्ग खरा, सायकल माही. पन तुमी पोचले म्हंजे गिऱ्हाईक बी पोचला, सायकल तुमची. तुमी म्हनान मार्ग चांगला हाये, बाबा म्हनन वा, अन मंग म्हनन, आले ना पाव्हने, बसा, पाहून घ्या सायकल. अन नाही पोचले तं मार्ग खोटा... पन मंग घेनारा बी कुठी हाये?

घेत नाही म्हनता? आता म्हनता जी. मांडीपावतो गाऱ्यात हा म्हनून म्हनता. कोरडे झाले का इसरान. मी हाये ना तसाच, मले ठाव नाही काय.

सोडा ते टोक. सोडा म्हनलं ना! — हां. बसाले जागा नाही म्हनता, तं सायकलच्या शीटवर बसा, तेवढी वर हाये. ओरडाचं तं ओरडा, कोनी आलं तं सांगा तेजरामनं फसवलं. लोकं हासन अन जाईन. शिंगाड्याचे येल ओढू नोका, अजून शिंगाडे धरले नाही. दिवस बुडाच्या अगोदर डोंग्यातून भात आनतो, गोधडी आनतो, छत्री बी आनतो, पाव्हन्याले कमी पडू देत नाही आमी.

अन सोमवारी काढतो.