सोळा पॉइंट चार

धुळ्यात वायरमनच्या परीक्षेचा पेपर सुटला आणि आम्ही पाण्याच्या टाकीपाशी रांगेत उभे राहिलो. माझ्यापुढे पहूरचा एक उमेदवार होता आणि त्याच्यापुढे पितळी डबा घेतलेली एक बाई.

“बठ्ठा पेपर लिव्हला का भाऊ?”

“सगळा लिहिला अक्का. मोटारीला कोणती वायर लावायची, त्या एकाच गणिताला अडलो. करंट सोळा पॉइंट चार अँपिअर आला.”

“मग सोळा धरले?”

“धरणारच होतो. अर्ध्याच्या खाली असलं तर सोडून द्यायचं, असं शाळेत शिकवलंय.”

“आमच्या घरच्यांनीबी सोडलं. सोनगीरला विहिरीवर सोळाची वायर टाकली. दोन उन्हाळे ती तापत राहिली. तिसऱ्या उन्हाळ्यात वरचं रबर गळून पडलं, अन् ह्यांनी पाइपाला हात लावला, तो शेवटचा.”

“अरेरे! मी नाही सोडलं अक्का. मागच्या बाकावरचे एक नाना हळूच म्हणाले, पुढची वायर धर, वीसची.”

“कसे होते ते?”

“अंगाला जळक्या रबराचा वास येत होता. उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला, डाव्या हाताने लिहीत होते. पेपर सुटला तरी उठले नाहीत.”

“मी दर वर्षी परीक्षेला ह्यांचा डबा आणते.”

“आत नेऊन देऊ का?”

“नको. एवढंच सांग, त्यांनी स्वतःच्या पेपरावर किती लिव्हले?”

“मी उठलो तेव्हा पाहिलं. सोळा लिहायचे, खोडायचे, अन् परत सोळाच लिहायचे.”