बेडकासमोर सांगायची नसलेली गोष्ट

—नाही, आधी राळच ओली लागली मला, तुम्ही दिसलात नंतर. गजाला लावायला पेटीत हात घातला, तर राळेची वडी ओली, गार, आणि — माफ करा हं — जरा हललीही. राळ हलत नाही हो. एवढं संगीत शिकले, पण हलणारी राळ नाही पाहिली कधी. मग लक्षात आलं, वडी शेजारच्या कप्प्यात आहे आणि माझ्या हातात आहात तुम्ही. मग मी किंचाळले. ते काही तुमच्यावर नव्हतं, मी कशालाही किंचाळते, मघाशी स्वयंपाकघरात सुपाच्या भांड्याचं झाकण पडलं तेव्हाही किंचाळले होते.

बसा, बसा, उडी नका मारू. व्हायोलाच्या पेटीत, मखमलीवर, ऐसपैस बसा. फक्त एक सांगा — मघाशी तालीम चालू होती तेव्हा कुठे होतात? पेटीतच? की मागच्या दाराबाहेर, त्या बर्फाच्या ढिगापलीकडे? असे टक लावून बघू नका हो. ऐकलंत की नाही, एवढंच विचारतेय मी.

कारण आम्हा ओजिब्वे लोकांचं, म्हणजे या तळ्याकाठच्या मूळ रहिवाशांचं, आणि तुमचं काय ठरलंय ते तुम्हाला ठाऊकच आहे. जमिनीवर बर्फ आहे तोवरच त्याच्या गोष्टी सांगायच्या — त्याच्या म्हणजे त्या लबाड, खोडकर गृहस्थाच्या, नाव घेत नाही, तुम्ही जागे आहात. बर्फ गेला, तुम्ही चिखलातून वर येऊन ओरडायला लागलात, की आमची तोंडं बंद, पुढच्या बर्फापर्यंत. नाही तर? नाही तर रात्री तुम्ही आमच्या अंथरुणात येता! बर्निसआजी म्हणायची — आईची मावशी ती, पण आमच्यात तीही आजीच — म्हणायची, "एका उन्हाळ्यात तुझ्या आईनं अर्धीच गोष्ट सांगितली, तर अर्धाच बेडूक आला." आम्ही पोरं हसून लोळायचो आणि झोपताना पांघरूण झटकून बघायचो. मी अजून झटकते. वसतिगृहात सहाव्या मजल्यावरही झटकायचे.

आणि मला काही नियम मोडायचा नव्हता! कार्यक्रम फेब्रुवारीतलाच. माझी पहिली रचना, दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो, आणि तीही इथे, आपल्या वस्तीच्या सभागृहात, आजीसमोर. आणि आडवं काय आलं? बर्फच! इतका पडला की मिनियापोलिसहून येणारे माझे तिघे साथीदार वाटेतल्या पेट्रोल पंपावर अडकले, आणि बर्फातच सांगायची गोष्ट बर्फामुळे पुढे गेली. एप्रिलवर. म्हटलं, एप्रिलातही इथे असतोच की. यंदा सगळा वितळला. परवा तळ्याकडून तुमच्यातल्या कुणाचा तरी पहिला आवाज आला आणि माझ्या हातातली कॉफी मांडीवर.

मग डेल्विन — मामेभाऊ माझा, आइस हॉकीच्या रिंगणात बर्फ तासायचं यंत्र चालवतो, डोकंही त्या यंत्रासारखं गोल गोल फिरतं त्याचं — म्हणाला, "रडतेस काय शेल्बे? जमिनीवर बर्फच पाहिजे ना? आणतो." आणि ट्रकभर तासलेला बर्फ आणून ओतला की सभागृहाभोवती! मी म्हटलं, "अरे, हे चालतं का?" तर म्हणे, "बर्फ आभाळातूनच पडलेला हवा असं कुठे लिहिलंय?" "काहीच कुठे लिहिलेलं नाही रे, आपल्यात सांगतात!" "मग मी सांगतोय ना, चालतं." त्या ढिगात कुणाचा तरी दातसुद्धा निघाला. आणि तुम्ही त्यावरूनच चालत आलात ना? पाय किती गारठलेत. म्हणजे नाहीच चाललं.

पण मला सांगा — शब्द नाहीत हो माझ्या रचनेत. एकही नाही. नुसते सूर. मग ते गोष्ट सांगणं झालं का? नाही झालं. पहिल्या भागात व्हायोलिनं म्हणजे बदकं, त्यात काय एवढं, बदकं तुमच्या तळ्यावरही असतात. तो त्यांना म्हणतो, चला, डोळे मिटून ना— काही नाही. काही म्हणत नाही तो. वाजवणारे डोळे मिटतात, एवढंच, संगीतात मिटतातच डोळे. मग एकेक सूर मानेतून तुटल्यासारखा — जाऊ दे — आणि एक पाणपक्षी, म्हणजे मी, व्हायोला, हळूच एक डोळा उघ— छे! कान झाका. कुठे असतात तुमचे कान? ते डोळ्यांमागचे गोल? तेच झाका, दोन्ही हातांनी.

थांबा, आजीला परत फोन लावते. वाजतोय… वाजतोय… नाही उचलत. सकाळपासून हेच. तिचा फोन म्हणजे पर्सच्या तळाशी, वर निम्मं घर. एवढंच विचारायचंय, वाजवू की नको? नको म्हणाली तर नाही वाजवणार. चेलोवाल्या इंग्रिडला सांगेन, आवर बाई, आजी नको म्हणाली. कुणी काही बोलणार नाही. किती बरं वाटेल.

असं काय बघताय? हो, बरं वाटेल! का, म्हणून काय विचारता — तिसऱ्या भागामुळे. तो चेलोचा. संथ, खोल, भलताच गंभीर. इंग्रिड रडते हो वाजवताना. कार्यक्रमपत्रिकेवर तिनं छापलंय, 'भूमीचा विलाप'. आमचे संगीताचे सरही तो ऐकून म्हणाले, केवढं हे दुःख, आणि मी आपली मान हलवली. विलाप कसला? बूड आहे ते! त्याचं बूड! तो भाजत ठेवलेली बदकं राखायला स्वतःच्या बुडाला बसवतो आणि झोपतो, आणि बूड काही — अगं बाई. सांगितलं. सांगितलं मी. आता ऐकलंच आहे तर पुढचं ऐका. इथपर्यंत आली की आजी बुडाचा आवाज काढायची, आणि स्वतःच इतकी हसायची की डोळे पुसता पुसता पुढचं सांगायचंच राहायचं. मला ते हसणं लिहायचं होतं. तेवढंच. आणि झाला विलाप! आज सगळी वस्ती तळलेला पाव मांडीवर ठेवून मयताला आल्यासारखी बसेल, आणि आजी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवेल. सभ्यपणे. त्यापेक्षा तुम्ही सगळं तळं घेऊन माझ्या अंथरुणात या, चालेल मला. नाही तर असं करा — कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच तुम्ही मोठ्यानं ओरडा. मी म्हणेन, बघा, हरकत आलीय, नाइलाज आहे. ओरडाल ना? हे घ्या, डेल्विनची सिगारेट मोडून चिमूटभर तंबाखू ठेवते शेजारी. मान म्हणून आहे, खाऊ नका.

शेवटचं लावते. वाजतोय… वाजतोय… थांबा. तुम्हालाही ऐकू येतंय का? माझ्या कानाशी वाजतोय आणि — पडद्यापलीकडेही वाजतोय. सभागृहात. कुणीतरी पर्स उपसतंय —

हॅलो? आजी? तू आत आहेस? केव्हापासून? — सगळी तालीम? — चेलोचाही? — तोंडात रुमाल? कशाला? — इंग्रिड रडत होती, तिला वाईट वाटेल म्हणून? — आजी, म्हणजे तू — आजी, हळू, श्वास घे — हो, आहे इथे एक. माझ्या पेटीत. हो, त्यानंही ऐकलं बहुतेक. — काय विचारू? त्याला? — अहो, आजी विचारतेय, तुम्हाला हसू आलं का?