आधी हवा काढा!

घाम पुसा, मंडळी, आणि पुसता पुसता हरीचं नाव घ्या! दोन्ही एकदमच होऊ द्या, मे महिना आहे. तो मागच्या खांबाजवळचा पंखा कुणी माझ्याकडे वळवेल का? नाही? बरं, राहू द्या. तिथं झोपलेत त्यांना वारा लागू द्या.

आज एक प्रश्न घेऊन आलोय. माणसानं आपलं काम आपण करावं — बरोबर ना? सगळ्यांच्या माना हलल्या! मग मला सांगा, "मी करतो" आणि "मला कुणाची गरज नाही" या दोन वाक्यांत अंतर किती? बोटभर? हातभर? सांगा की! नाही येत? मी सांगतो — अडीच इंच! भिंतीतलं अडीच इंचांचं एक भोक! आता ऐका.

वऱ्हाडातलं एक गाव. नाव सांगत नाही, तिथं मला अजून कीर्तनाला जायचंय! तिथं तुळशीराम गावंडे नावाचे एक गृहस्थ. नोकरी काय, तर मोजणीदार. आयुष्यभर लोकांच्या शेताचे बांध मोजले. भाऊभाऊ डोकी फोडायला निघालेले असायचे आणि तुळशीरामजी मध्ये उभं राहून सांगायचे, "हद्द हितं हाय!" की विषय संपला. असा मान! आणि मान मिळाला की मंडळी, काय होतं? डोक्यात हवा जाते. कुणाच्याही जाते. तुम्ही हार घातलात की माझ्याही जाते!

यांना एक धाकटा भाऊ — शेषराव. फ्रीज, कूलर, एसी दुरुस्त करणारा. भिंतीला भिंत लागून घर. आणि दोघांत बोलणं? नऊ वर्षं बंद! का? घराची वाटणी झाली तेव्हा मधली भिंत कुठं घालायची, ते तुळशीरामजींनी एका सकाळी एकट्यानंच मोजून टाकलं. शेषराव दुकानातून घरी येतो तर काय — चुन्याची रेघ मारून तयार! तो म्हणाला, "दादा, मोजलं ते बराबरच असंल. पण मले बोलवाचं तं होतं!" तुळशीरामजी म्हणाले, "माह्या मोजणीवर शंका घेतं?" संपलं! त्या एका वाक्यावर नऊ वर्षं गेली. हसू नका. तुमच्या घरची भांडणं काय वेदांतावर झालीत का?

आता यंदाचा उन्हाळा. तुळशीरामजींच्या पत्नी, इंदूबाई — त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं, अकोल्याला. डॉक्टरांनी शनिवारी घरी सोडायचं ठरवलं आणि बजावलं, "टाक्यांना घाम लागू देऊ नका. टाके पिकले तर परत आणावं लागेल आणि या वयात ते झेपणार नाही." बाहेर ऊन शेहेचाळीस! आणि घरावर पत्रा! तुळशीरामजींनी बायकोचा हात धरला. चाळीस वर्षांत चारचौघांत धरला नव्हता, दवाखान्यात धरला! म्हणाले, "शनिवारी चार वाजता तू घरी येशील, तवा खोली गार असंल. माहा शब्द." त्या बिचाऱ्या हळूच म्हणाल्या, "शेषभाऊजीले सांगा न." तर हे काय म्हणाले?

"मी हाव नं!"

दुकानातून एसी आला. दुकानदार म्हणाला, "बसवणारा माणूस बुधवारी. मे महिना आहे काका, माणूस मोकळा नाही." गावात बसवणारा एकच — शेषराव. मग तुळशीरामजींनी मोबाइलवर व्हिडिओ लावला. व्हिडिओवाला सगळं सांगत होता हो! पण मध्येच हे म्हणाले, "हा लयच बडबडते," आणि बोटानं पुढं ढकललं. नेमकं जे ऐकायचं तेच ढकललं! कीर्तनातही असंच होतं, गोष्ट आली की जागे, उपदेश आला की बाहेर तंबाखू मळायला.

शनिवारची सकाळ. कमरेला टॉवेल, कानावर पेन्सिल, हातात भाड्यानं आणलेलं ड्रिल. आता खोली नीट समजून घ्या. मागच्या भिंतीच्या डाव्या अंगाला मोकळा बोळ, एसीचा बाहेरचा डबा ठेवायला तीच जागा. आणि उजव्या अंगाला, भिंतीपलीकडं काय? शेषरावचं स्वयंपाकघर! एसीच्या खोक्यात एक कागद येतो. तो भिंतीला चिकटवायचा, त्यावर गोल छापलेला असतो, की इथं भोक पाडा, इथून नळ्या बाहेर काढा. गोल होता डावीकडं. काही अवघड आहे का? पण कागदावर सगळं इंग्रजी! तुळशीरामजी म्हणाले, "हे मले शिकवते?" — आणि कागद केला उलटा! कोऱ्या बाजूवर स्वतः रेघा मारल्या, स्वतः मराठीत आकडे टाकले. छापलेला गोल पाठीमागून दिसत होता, तोही पेन्सिलीनं गिरवला. काय सुरेख नकाशा झाला म्हणता!

आता जरा हात वर करा. सगळ्यांनी! उजवा. तळवा माझ्याकडं. अंगठा कुठल्या बाजूला? आता हात फिरवा. अंगठा कुठं गेला?

गेला ना पलीकडं! तसा तो गोल गेला! डावीकडचा उजवीकडं! जन्मभर लोकांच्या हद्दी दाखवणारा माणूस — आणि स्वतःच्या घरात डावं-उजवं चुकला!

लावलं ड्रिल. घर्रर्रर्र! तिकडं स्वयंपाकघरात शेषरावची बायको, बेबीबाई, कैरीच्या फोडींना मसाला चोळत बसलेली. परातभर फोडी! अचानक भिंत थरथरली, पोपडा उडाला, आणि लोणच्यात पडली विटांची भुकटी. बेबीबाई वर बघते तर भिंतीतून काहीतरी गरगर फिरत बाहेर येतंय!

"माय वो! साप! लोखंडाचा साप!"

शेषराव बनियनवरच धावत आला. बघतो तर भिंतीला गोल भोक. त्यानं वाकून भोकाला डोळा लावला. आणि त्याच क्षणी इकडून, बोळ दिसतो का म्हणून, तुळशीरामजींनी डोळा लावला!

डोळ्याला डोळा! नऊ वर्षांनी! मध्ये फक्त भिंतीची जाडी!

तुम्ही असता तर काय केलं असतं? तुळशीरामजींनी काय केलं, तर भोकात फडकं कोंबलं! काही झालंच नाही असा चेहरा करून डाव्या बाजूला दुसरं भोक पाडायला घेतलं. धन्य!

पण एक सांगतो, माणूस कष्टाळू. खोटं का बोलू? पट्टी ठोकली, आतला डबा टांगला, बाहेरचा बोळात स्टँडवर बसवला, तांब्याच्या नळ्या वाकवून जोडल्या. पासष्टीचा माणूस, घामानं नुसता निथळतोय. आणि सवय कशी? मोजणीच्या वेळी आकडे मोठ्यानं ओरडायचे, कारकून लिहून घ्यायचा. आता कारकून नाही, तरी हे ओरडताहेत — "पट्टी ठोकली! नळी जोडली! वायर जोडली!" आणि पलीकडं शेषराव फडक्याला कान लावून उभा! एकेक वाक्याला मान डोलावतोय. बेबीबाई म्हणते, "जेवाले चला." हा म्हणतो, "थांब वो, वायरीपर्यंत आला." दोनदा त्यानं बोलायला तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. त्याच्याही डोक्यात हवा होतीच की! एकाच आईचे दोघं.

अडीच वाजले. तुळशीरामजींनी शेवटचा पाना उचलला आणि गर्जना केली, "आता गॅस सोडणे!"

झालं! शेषरावला राहवेना. पोळपाटावरचं लाटणं उचललं, फडकं ढोसून पलीकडं पाडलं, आणि भोकातून ओरडला —

"दादा! आधी हवा काढ!"

नऊ वर्षांत पहिलं वाक्य! आणि ते कोणतं? "हवा काढ!" तुळशीरामजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माही हवा काढतं? माह्याच घरात, माह्याच भिंतीतून, माही हवा काढतं बे तू?"

"तुही नाई रे दादा! नळीची! नळीची हवा!"

"मले शिकवतं?"

"नळीत साधी हवा भरून हाय. ते पंपानं खेचून काढा लागते. नाई काढली अन् गॅस सोडला, तं मशीन महिनाभर धापा टाकंल अन् मरंल! अन् आज गार तं होणारच नाई!" आणि मग, लहान भाऊच तो, खोडी जाते का? हळूच म्हणाला, "अन् तुही काढली तरी चालंल."

 

मंडळी, आता हसणं थांबवा क्षणभर. तुळशीरामजी हातात पाना घेऊन उभे आहेत. समोर इंदूबाईंची खाट. सकाळीच स्वतः चादर अंथरलेली, उशाला औषधांची पिशवी, तांब्याभांडं. दीड तासात ती बाई या खोलीत येणार. पंप काही घरात नव्हता. गॅस सोडावा, तर मशीन जाणार. न सोडावा, तर खोली भट्टी. आणि टाके पिकले तर? आता त्यांना भीती वाटली. खरीखुरी. एक शब्द बोलायचा होता — "ये." एकच अक्षर! बोलून बघा, किती सोपं आहे. पण नऊ वर्षं न बोललेल्या भावाला ते एक अक्षर म्हणताना जीभ टाळ्याला चिकटते हो. ज्याची चिकटलीय त्याला माहीत आहे.

गेले भोकापाशी. वाकले. "ये" काही निघेना. मग निघालं काय? ऐका हं. मोजणी असली की शेजारच्या जमीनवाल्याला आधी नोटीस जाते. ज्याची हद्द आपल्याला लागून, तो लगतधारक. तो समोर हजर पाहिजे, मगच मोजणीची साखळी ओढायची. हा नियम. तुळशीरामजींनी गावातल्या प्रत्येकाला ती नोटीस पाठवली होती, फक्त सख्ख्या भावाला सोडून! तर त्या भोकाला तोंड लावून, घसा खाकरून ते म्हणाले —

"लगतधारकानं… जागेवर हजर राहावं!"

शेषरावला समजलं. नऊ वर्षं उशिरा का होईना, नोटीस आली! तो ओरडला, "लगतधारक हजर!" — आणि पंप काखेत मारून, अनवाणी, तापलेल्या फरशीवरून नाचत नाचत दारातून आत!

पंप लावला. आता गंमत बघा, हवा काढायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ दुसरं कामच नसतं! दाब दाखवणारा काटा खाली उतरताना नुसतं बघत बसायचं. बसले दोघं भाऊ, खाटेला टेकून, जमिनीवर. पंपाची घरघर चाललीय.  मग तुळशीरामजी काट्याकडं बघत म्हणाले, "त्या दिवशी तुले बोलवाले पायजे होतं. चुकलंच माहं."

शेषराव म्हणाला, "हाव."

एवढंच! साक्षीदार नाही, पंच नाही. मग शेषरावनं डोळे पुसले आणि म्हणाला, "घाम लयच येऊन रायला." आणि तुळशीरामजी म्हणाले, "मले बी."

काटा खाली टेकला. पाना शेषरावच्या हातात होता, तो त्यानं दादापुढं धरला. "सोड गॅस. बसवलं तू हाय." काय मन म्हणावं! तुळशीरामजींनी गॅस सोडला, बटन दाबलं, आणि आली, मंडळी, आली — गार झुळूक आली! दोघं म्हातारे पोरांसारखे त्या डब्याखाली तोंड वर करून उभे! बेबीबाई लोणच्याचे हात घेऊन दारात. ती ओरडतेय, "अन् माह्या भिंतीचं काय?" कोण ऐकतंय!

चार वाजता रिक्षा आली. इंदूबाई हळूहळू उतरल्या, भिंतीला धरत खोलीत आल्या. एसीकडं बघितलंच नाही त्यांनी! बघितलं ते शेषरावकडं. नऊ वर्षांनी दीर घरात उभा. नवऱ्याकडं बघितलं, भिंतीतल्या भोकाकडं बघितलं, भोकातून डोकावणाऱ्या बेबीबाईच्या डोळ्याकडं बघितलं आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता पोटाला हात, "अहो, हसवू नका हो, टाके दुखून रायले!" आणि मग रडायला लागल्या, तर म्हणे रडलं तरी दुखतात. शेवटी शेषरावनंच उशी दिली पोटाशी धरायला, आणि म्हणाला, "वहिनी, आता काय करा लागते ते मनभर करा."

तर मंडळी, आता तुमच्याकडं वळतो. पदर सावरू नका, टोप्या सारख्या करू नका, मी तुमच्याशीच बोलतोय. आपलं काम आपण करा, जरूर करा. तुळशीरामजींनी निम्मं बसवलंच की! पण कुणाला हाक मारायची नाही म्हणून करत असाल तर सांभाळा.

आत कोंडली हवा,
तर कुठून येईल गारवा?

हे कुणा संताचं नाही हो, माझंच आहे, रिक्षात जुळवलं. प्रत्येकाच्या आत एक भिंत आहे आणि भिंतीपलीकडं कुणीतरी कान लावून उभं आहे. बहीण असेल, व्याही असेल, जुना मित्र असेल. तुम्ही म्हणता, त्यानं आधी बोलावं. तोही तेच म्हणतो. आणि बोलायला एकच अक्षर पुरतं.

आरती पाच मिनिटं थांबवतो. खिशात फोन आहे सगळ्यांच्या, कीर्तनातही वाजतो म्हणून मला माहीत आहे! ज्याला कुणाला लावायचाय, त्यानं मांडवाबाहेर जाऊन लावून यावा. प्रसाद संपणार नाही. दोघं-चौघं उठतील, बाकीच्यांनी टाळ्या धरा.

अहो… अहो! एवढे? सगळेच उठलात?

पेटीवाले, तुम्हीसुद्धा?

बरं… मग मी तरी एकटा इथं काय करू? थांबा, मीही येतो. माझाही एक लावायचा राहिलाय.