आतल्या होडीला जागा

शिडाच्या होड्यांची शर्यत संपली होती. तक्रार समितीच्या दाराबाहेर नवऱ्याच्या खरचटलेल्या कोपराला पट्टी बांधता बांधता नर्सबाई दोघा नवरा-बायकोचं ऐकत होत्या.

"पाण्यात तरंगणाऱ्या खुणेच्या बोयाला वळसा घालताना आतल्या होडीला जागा द्यायची असते. आत मी होते."

"मग हाक मारायचीस!"

"घसा फुटेस्तोवर 'अहो, जागा!' ओरडले. तुम्ही 'आलोच' म्हणालात आणि येऊन धडकलात."

"पहिला तर मीच आलो ना?"

"आत जाऊन चूक कबूल करा. चषक माझा आहे."

"म्हणजे मी बाद? मित्र हसतील."

"माझ्या माहेरचे लग्नापासून हसताहेत, त्यात आणखी चार."

"बरं बाई, करतो कबूल."

दार उघडलं. दोघं एकदमच उठून दाराकडे वळले. चौकटीला लागून ती होती.

"अहो, जागा!"

"आलोच!"

नर्सबाईंनी पट्ट्यांची पेटी पुन्हा उघडली.