सासूबाईंचं न्हाणीघर आणि अधिकचं चिन्ह

...आणि वर सासूबाई मलाच विचारतायत, "जावईबापू, भिंतीला पोपडे कसे आले?" आता काय सांगू, तुम्हीच सांगा. साधी बेरीज होती हो...

म्हणजे झालं काय, रंगाच्या दुकानात ते डबे गदगदा हलवणारं यंत्र असतं ना, त्यात काय किती पडायचं ते आमचं सॉफ्टवेअर ठरवतं. त्यात 'रंग' नावाचा क्लास, म्हणजे प्रोग्रामातला एक साचा, आमच्या ऑफिसातल्या सरांनी लिहिलेला, आणि अधिकच्या चिन्हाचा अर्थही त्यांनीच ठरवलेला. रंग अधिक रंग, की नवा रंग. झकास. त्याच्या पोटी मी एक पोर क्लास काढला, 'ओल सोसणारा रंग'. बापाचं सगळं त्याला आयतं मिळतं, वर ओल अडवणारं औषध तेवढं माझं. सासूबाईंनी असे दोन रंग, निळा आणि पांढरा, एकत्र करून घेतले, दुकानदाराला "जावयाचंच सॉफ्टवेअर आहे" असं ऐकवून... आणि बाहेर काय आलं? साधा रंग. कारण बेरीज बापाकडून वारशात आलेली, आणि बापाला औषध ठाऊकच नाही. तो बिचारा रंग बघतो, रंग परत देतो. महिन्याभरात न्हाणीघराची भिंत सोलली.

साधी बेरीज होती हो...

मग मी पोराला त्याची स्वतःची बेरीज शिकवली. सासूबाईंना म्हटलं, आता निर्धास्त राहा. पुन्हा रंगवलं, पुन्हा पोपडे. दुकानदार म्हणतो, "साहेब, या खेपेला मी साध्या पांढऱ्यात तुमचा निळा मिसळला." संपलं. चिन्हाच्या डावीकडे जो उभा, म्हणजे डब्यात जो आधी पडला, त्याचीच बेरीज चालते. निळ्यात पांढरा, तर भिंत टिकते. पांढऱ्यात निळा, तर औषध गायब. हे सासूबाईंना कुठल्या तोंडाने सांगायचं?

सरांकडे गेलो. म्हटलं, बापाच्या बेरजेत जरा बदल करू का? सर चष्मा पुसत म्हणाले, "अरे, तिच्यावर सगळी दुकानं चालतात. हात लावू नकोस. यंत्रावर चिठ्ठी लाव, निळा आधी टाका." एवढं शिकलो-सवरलो, आणि डिंक घेऊन चिठ्ठी चिकटवून आलो. साधी बेरीज, तुम्हाला सांगतो...

सासूबाईंनी दुकानात जाऊन ती चिठ्ठी वाचली. आठवड्यात न्हाणीघराला खालपासून वरपर्यंत फरशा. मला मुद्दाम आत नेऊन दाखवल्या.

"यात तुमची ती बेरीज नसते ना, जावईबापू?"

मी म्हटलं, नसते.

फरशीच्या दुकानातलं सॉफ्टवेअरही आमचंच आहे, हे कशाला बोलू?