कौन आई?

आमच्या मानक नगरच्या रामदीनचा किस्सा सांगते. लखनऊच्या त्या रेल्वे कॉलनीत त्याच्या ठेल्यावरच्या आलू टिक्कीसाठी सगळे थांबायचे, आई तर रोज. त्या वर्षी साताऱ्याची आजी वारली. रिझर्व्हेशन मिळालं नाही, आईला जाता आलं नाही. ती रडलीही नाही.

आठवडाभर आई दिसली नाही, म्हणून रामदीन ठेला घेऊन आमच्या फाटकाशी आला.

“भाभीजी, हमसे नाराज हैं?”

“माझी आई गेली रे,” ती मराठीतच बोलून गेली.

त्याला वाटलं, कुणी पाहुणी आलीय. “कौन आई?”

तेव्हा आईचा बांध फुटला. “मेरी अम्मा...” एवढंच हिंदीत म्हणून ती पायरीवर बसली आणि आजीबद्दल बाकी सगळं तिनं मराठीतच सांगितलं. स्टोव्ह बंद करून तो ऐकत उभा राहिला. तेवढ्यात बाबा ऑफिसातून आले. त्यांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, “मराठी समझते हो?”

“नहीं साहब. पर अम्मा की बात थी, बीच में कैसे टोकते?”