तिसरा बिंदू

तैवानमधल्या ताइनान शहरातल्या दवाखान्यात माझ्यापुढच्या बाकावर एक निवृत्त गणितमास्तर मांडीवर वही घेऊन आलेख काढत बसले होते. शेजारी त्यांची बायको होती.

"अहो, मिटा ती वही. नंबर जवळ आलाय."

"हे बघ, युए-श्या. माझी मूत्रपिंडं गेल्या वर्षी छत्तीस टक्के काम करत होती, आज तीस. म्हणजे उतार वर्षाला उणे सहा."

"मग?"

"मग पाच वर्षांनी रेषा खालच्या अक्षाला टेकते."

"टेकली की?"

"त्याच्या आधीच डायलिसिसचं यंत्र लावतील. आठवड्यातून तीनदा."

"आणि इथे वर, उभ्या अक्षाला कुठे कापते?"

"साठावर. पाच वर्षांपूर्वी, मी निवृत्त झालो तेव्हा."

"तेव्हा तर तुम्ही ठणठणीत होतात."

"तेव्हा तपासलं नव्हतं."

"दोन ठिपक्यांवरून एवढं सगळं?"

"सरळ रेषेला दोन पुरतात."

"उद्यापासून खारवलेला मुळा बंद. पुढच्या वर्षीचा ठिपका वर आला तर?"

"तर रेषा सरळ राहणार नाही."

"अडतीस वर्षं सरळच शिकवल्यात ना? एक वाकडी झाली तर चालेल मला. उठा, नंबर आला."